‘कर्करोगाचं जनुक’ म्हणणं आता तरी थांबवा

रानजाई: “बीआरसीए-१ जनुक ज्यांच्यात असतं त्यांना कर्करोग होतोच, बाकीच्यांनी निश्चिंत राहावं,” असं काल एकाने ठोकून दिलंय आणि कित्येकांनी माना डोलावल्यात. अहो, ते जनुक सगळ्यांत असतं! तुटलेला डीएनए सांधायला ते लागतं. ते बिघडलं की धोका वाढतो. टीपी-५३ या दुसऱ्या जनुकाचीही हीच कथा. १९७९ मध्ये त्याचं प्रथिन, पी-५३, सापडलं, तेव्हा शास्त्रज्ञांनीही ते कर्करोग घडवणाऱ्यांत धरलं. ते राखणदार आहे हे कळायला १९८९ उजाडलं. जवळपास निम्म्या कर्करोगांत ते बिघडलेलं सापडतं.

जुना_पाटा: शब्दांचा कीस पाडून काय मिळणार? रिपोर्ट हातात पडलेल्या बाईला ‘जनुक आहे’ काय नि ‘जनुकात दोष आहे’ काय, धसका तोच.

रानजाई: तोच नाही. “मी पोरीला कर्करोग दिला,” म्हणत माझ्या मावशीने लेकीशी बोलणं टाकलं. लेकीला मिळाली होती एक बिघडलेली प्रत; वडिलांकडची शाबूत होती. नुडसन या संशोधकांनी १९७१ मध्ये रेटिनोब्लास्टोमाच्या, म्हणजे लहान मुलांत होणाऱ्या डोळ्याच्या कर्करोगाच्या, ४८ रुग्णांवरून हेच मांडलं, की गाठ व्हायला दोन घाव लागतात, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात. एक घाव जन्मतःच असलेल्या मुलांत ती लवकर होते, बरेचदा दोन्ही डोळ्यांत.

उंबरठा: आई, मावशी, कायम तिकडचंच! माझ्या बहिणीलाही डॉक्टरांनी आईकडे कुणाला कर्करोग होता का, एवढंच विचारलं. ती नाही म्हणाली, विषय संपला. माझ्या दोन आत्या स्तनाच्या कर्करोगाने गेल्यात. बापात दोष असेल तर प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी, हे त्यांना ठाऊक नव्हतं? तीन वर्षांनी बहिणीचं निदान झालं. दोष वडिलांकडचाच निघाला.

जुना_पाटा: वाईट झालं. पण एका डॉक्टरवरून सगळ्यांना झोडपू नका.

उंबरठा: झोडपणार. आणि घरच्या पुरुषांनाही. काका चाचणी करत नाहीत, म्हणे बायकांचा आजार. बीआरसीए-२ या तशाच जनुकामधल्या दोषाने पुरुषांना प्रोस्टेटचा धोका वाढतो. शिवाय त्यांना तीन मुली आहेत.

टिपकागद: काका घाबरले असतील. आईत दोष सापडल्यावर मीही चार वर्षं टाळली.

उंबरठा: आणि तुमच्या भीतीपायी मुलांनी अंधारात राहायचं?

टिपकागद: माझ्या मुलांवर येऊ नका. तुम्हाला माझ्या घरचं काय माहीत?

सूक्ष्मदर्शी: मूळ मुद्द्याचं बोलतो. रानजाई, दोन घावांचा नियम सरसकट लावू नका. पीटीईएन या राखणदार जनुकाची एकच प्रत गेली तरी उरलेल्या प्रतीवर भागत नाही. टीपी-५३ च्या बिघडलेल्या प्रतीतून आलेलं प्रथिन चांगल्यालाही जखडतं. आणि एचपीव्ही हा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू तर जनुकाला हात न लावता पी-५३ प्रथिनच नष्ट करवतो.

रानजाई: मान्य, माझं वाक्य फार सरधोपट झालं. पण एचपीव्हीचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. राखणदार गेला की घात होतो, मग तो कसाही जावो.

जुना_पाटा: बरं, यापुढे ‘जनुकात दोष’ म्हणेन. धसका कमी होतो हे मात्र पटलेलं नाही.

टिपकागद: उंबरठा, मगाशी चिडलो. गेल्या महिन्यात चाचणी केली. दोष आहे. मुलगी सोळा वर्षांची आहे. रानजाई, मावशीच्या लेकीला शेवटी कुणी आणि कसं सांगितलं?