रीफ टाकीच्या संपसाठी रिटर्न पंप किती क्षमतेचा घ्यावा?

प्रश्न – खारजल

माझी रीफ टाकी (प्रवाळ ठेवण्याची खाऱ्या पाण्याची टाकी) १२० × ६० × ५५ सेंटिमीटर मापाची, म्हणजे ढोबळमानाने ४०० लिटरची असून खालच्या कपाटात १२० लिटरचा संप (पाणी शुद्ध करणारी उपकरणे ठेवलेली खालची टाकी) आहे. संपमधील पाण्याच्या पातळीपासून टाकीतील पातळीपर्यंतची उंची १.३ मीटर भरते. रिटर्नची, म्हणजे संपमधले पाणी पंपाने वर टाकीत परत नेणारी, पाइपलाइन २० मिलिमीटर आतल्या व्यासाची, सुमारे दोन मीटर लांब असेल आणि तिच्यात चार एल्बो (काटकोनी वळणे) येतील. तासाला टाकीच्या दहापट पाणी संपमधून फिरले पाहिजे असे काही जण सांगतात, तर काहींच्या मते तीनपट पुरेसे आहे. दहापटीच्या हिशेबाने मी ४००० लिटर प्रतितास छापलेला पंप पाहून ठेवला आहे. तो योग्य ठरेल का, आणि एसी (थेट घरच्या विजेवर चालणारा) घ्यावा की डीसी (अडॅप्टरवर चालणारा, गती बदलता येणारा)? सध्या मऊ प्रवाळ आहेत, पुढे काही एसपीएस (लहान पॉलिपांचे कठीण प्रवाळ) ठेवण्याचा विचार आहे.

प्रतिसाद – भरतीओहोटी

दहापटीचा आग्रह सोडून द्यावा, असे माझे मत आहे. प्रवाळांना लागणारा जोरकस, दिशा बदलणारा प्रवाह टाकीतल्या वेव्हमेकरने (पाणी ढवळणाऱ्या वेगळ्या पंपाने) द्यायचा असतो. रिटर्न पंपाचे काम एवढेच की पृष्ठभागावरचा तवंग ओव्हरफ्लोमधून (टाकीतले वरचे पाणी संपमध्ये उतरवणाऱ्या मार्गातून) खाली जावा, स्किमरला (बुडबुड्यांनी पाण्यातला मळ वेगळा करणाऱ्या उपकरणाला) सतत पाणी मिळावे आणि संपमधील हीटरची ऊब वर पोहोचावी. त्यासाठी तीन ते पाचपट, म्हणजे आपल्या बाबतीत १२०० ते २००० लिटर प्रतितास, भरपूर झाले. त्याहून जास्त पाणी खेचल्यास ओव्हरफ्लोचा आवाज वाढतो आणि स्किमरमधून निसटलेले बारीक बुडबुडे स्थिरावण्याआधीच टाकीत येतात.

आता त्या ४००० च्या आकड्याविषयी. तो शून्य उंचीवरचा असतो, त्यामुळे खोक्यावरचा आकडा न पाहता पंपाचा उंची-प्रवाह आलेख पाहावा. २००० लिटर प्रतितास पाणी २० मिलिमीटरच्या पाइपमधून नेताना वेग सेकंदाला पावणेदोन मीटरच्या आसपास जातो. दोन मीटर पाइप, चार एल्बो आणि तोंडाशी होणारा व्यय मिळून ढोबळ गणिताने १.१ मीटर उंचीएवढा विरोध तयार होतो. म्हणजे पंपाला १.३ नव्हे, तर २.४ मीटरवर २००० लिटर द्यावे लागतील. तीच पाइपलाइन २५ मिलिमीटरची केली तर हा विरोध सुमारे ०.४ मीटरवर येतो आणि ३२ मिलिमीटरची केली तर जेमतेम ०.१५ मीटर उरतो. पंपाचे तोंड अरुंद असले तरी त्याच्या लगेच पुढे पाइप रुंद करता येतो. मोठा पंप घेण्यापेक्षा मोठा पाइप घेणे हे नेहमीच शहाणपणाचे. तो वीज खात नाही आणि बिघडतही नाही.

प्रतिसाद – शंखशिंपले

वरील गणिताशी सहमत आहे. मात्र पंप ठरवण्याआधी तो बंद पडल्यावर काय होईल, हे तपासावे. वीज गेली की टाकीतील पाणी रिटर्नच्या पाइपमधून उलटे संपमध्ये उतरू लागते आणि पाइपचे तोंड उघडे पडेपर्यंत उतरत राहते. आपल्या टाकीचे पृष्ठफळ ७२०० चौरस सेंटिमीटर आहे, म्हणजे पातळी एक सेंटिमीटर उतरली की ७.२ लिटर पाणी खाली येते. पाइपचे तोंड पृष्ठभागाखाली तीन सेंटिमीटरवर असेल तर सुमारे २२ लिटर, आणि दहा सेंटिमीटरवर असेल तर थेट ७२ लिटर! संपमध्ये तेवढी मोकळी जागा हवीच. चेक व्हॉल्व्हवर (पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेवर) भिस्त ठेवू नये, कारण त्याच्या झडपेवर चुनखडीचा थर किंवा गोगलगाय बसली की ती पूर्ण मिटत नाही. हवा शिरून उलटा प्रवाह थांबावा म्हणून पाण्याच्या पातळीलगत पाइपला छिद्र पाडणे चांगले, परंतु तेही शेवाळाने बुजते, म्हणून तोंडच वर ठेवावे.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ओव्हरफ्लो तुंबला तर पंप रिटर्नचा संपूर्ण कप्पा वर रिकामा करील. टाकीच्या काठाखाली तीन सेंटिमीटर मोकळे असतील तर त्या कप्प्यातील उपसले जाणारे पाणी २० लिटरपेक्षा कमीच असावे. दोन्ही चाचण्या गोड्या पाण्यावर मुद्दाम करून पाहाव्यात.

प्रतिसाद – मंदप्रवाह

एसी-डीसीच्या वादात मी एसीच्या बाजूचा आहे. त्यात वेगळा कंट्रोलर आणि अडॅप्टर नसतो, त्यामुळे बिघडण्यासारखे भागही कमी असतात. प्रवाह कमी करायचा असल्यास बाहेर पडणाऱ्या बाजूला गेट व्हॉल्व्ह लावावा. शोषणाची बाजू कधीही आवळू नये.

प्रतिसाद – भरतीओहोटी

साधेपणाचा मुद्दा मान्य आहे, तरी या टाकीसाठी मी डीसीच सुचवीन. पाण्यात बुडवलेला पंप जी वीज घेतो, ती जवळजवळ सगळी अखेर उष्णता होऊन पाण्यातच मुरते. ६० वॉटचा पंप दिवसभर चालला आणि उष्णता कुठेच बाहेर गेली नाही असे मानले, तर ५०० लिटर पाणी सुमारे अडीच अंशांनी तापेल. प्रत्यक्षात बरीच उष्णता बाष्पीभवनाने निघून जाते, पण उन्हाळ्यात एकेक वॉट मोजावा लागतो. व्हॉल्व्ह आवळून प्रवाह घटवण्यापेक्षा पंपाची गती उतरवली, तर वीज खूपच जास्त वाचते.

डीसी घेताना एक बारकावा मात्र ध्यानात ठेवावा. गती निम्मी केली की पाणी उचलण्याची कमाल उंची निम्मी नव्हे, तर चौथाईवर येते. चार मीटर कमाल उंचीचा पंप निम्म्या गतीवर एक मीटरच पाणी उचलील आणि आपल्या १.३ मीटरवर काहीच पोहोचणार नाही. उलट वरचे पाणी चालू पंपातूनच खाली येऊ लागेल. म्हणून कमाल उंची चार मीटरच्या आसपास असलेला, तीन चतुर्थांश गतीवर अपेक्षित प्रवाह देणारा पंप निवडावा. इम्पेलरवर (पंपातील फिरत्या पंख्यावर) थर साचू लागल्यावर वरची राखीव गती कामी येते.

खारजल

सर्वांचे आभार. पाइप ३२ मिलिमीटरचा करून डीसी पंप घेण्याचे ठरवले आहे. ओव्हरफ्लो हर्बी पद्धतीचा (गेट व्हॉल्व्हने जुळवलेला मुख्य निचरा आणि सोबत एक राखीव निचरा असलेला) आहे. प्रत्यक्ष प्रवाह मोजायचा कसा, आणि पंप किती दिवसांनी साफ करावा?

प्रतिसाद – शंखशिंपले

रिटर्नच्या तोंडाला तात्पुरती नळी लावून ती टाकीतील पाण्याच्या पातळीलाच धरावी आणि १० लिटरची बादली भरायला लागणारा वेळ मोजावा. १८ सेकंद लागले तर प्रवाह २००० लिटर प्रतितास आहे. हर्बीचा गेट व्हॉल्व्ह त्यानंतरच जुळवावा, कारण पंपाची गती बदलली की तोही पुन्हा जुळवावा लागतो. सफाईचे म्हणाल तर तीन-चार महिन्यांनी पंप काढून सायट्रिक ॲसिडच्या सौम्य द्रावणात चालवावा, नंतर स्वच्छ पाण्याने धुवावा आणि सिरॅमिक दांड्याला तडा गेलेला नाही ना, हे पाहावे. त्यासाठी पंपाच्या लगेच वर युनियन (हाताने उघडता येणारा पाइपचा जोड) बसवावी, नाहीतर दर वेळी पाइप कापावा लागेल.