मदत हवी आहे : आजेसासऱ्यांच्या ट्रंकेतले कागद आणि बोर्डिंगचं रजिस्टर

नवापूरची_सून

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा प्लीज.

आमचे आजेसासरे, घरात सगळे त्यांना बाबाच म्हणायचे, दुसऱ्या महायुद्धात फौजेच्या सर्व्हिस कोअरमध्ये (रसद पोचवणारं दल) ट्रक ड्रायव्हर होते, इटलीपर्यंत गेलेले. १९४६ ला सुटून आले, चर्चचे पाळक झाले आणि ओसरीतच पोरांचं बोर्डिंग चालू केलं. भिल्ल, मावची, पावरा पोरं, कोणाला आईबाप नाहीत, कोणाचा बाप सालदारीत अडकलेला. अनुदान वगैरे काही नाही, ख्रिस्ती मंडळीची वर्गणी आणि शेतातली ज्वारी यावर चाललं.

आता जुनं घर पाडायचंय आणि त्यांची लोखंडी ट्रंक माझ्या गळ्यात पडलीय. पे-बुक (फौजेतलं पगाराचं पुस्तक), पदकं, इटलीहून पाठवलेली पत्रं, पावतीबुकं, उपदेशाच्या वह्या. या वह्या भारी आहेत, पुढून रविवारचा उपदेश आणि उलटी केली की ज्वारी-तेल-साबणाचा हिशोब. एका वहीत नेपल्समधल्या पोरांबद्दल लिहिलंय, ट्रकमागे पावासाठी धावायची म्हणून. त्यावर उपदेश नाही, नुसतंच लिहून ठेवलंय. नणंद म्हणते "हाई रद्दी कितला दिन सांभाळशी?" आणि पुतण्याने उत्साहात डिस्चार्जचा कागद लॅमिनेट करून आणलाय, बाकीचेही करतो म्हणतोय. करू देऊ का?

पण खरी अडचण रजिस्टरची. १९४८ पासूनच्या नोंदी आहेत, पोराचं नाव, बापाचं नाव, गाव, जात, कोणी आणून सोडलं. शेरेपण आहेत, "आईस कुष्ठरोग", "बाप तुरुंगात", एकीकडे "स्टेशनवर सापडला". आता गावोगावी कळलंय आणि त्या पोरांची नातवंडं व्हॅलिडिटीसाठी (जातीच्या दाखल्याची पडताळणी) झेरॉक्स मागायला येतात. नाही म्हणवत नाही, पण अख्खं पान दिलं तर शेजारच्या ओळीतल्या माणसाची आई महारोगी होती हेही गावात जाणार. चर्चमधल्या काहींना ते काचेच्या कपाटात मांडायचंय. काय करू?

कसर_वाळवी

ताई, पहिलं काम म्हणजे पुतण्याला थांबवा!! लॅमिनेशनमध्ये कागद उष्णतेने प्लास्टिकला चिकटतो, मागे फिरता येत नाही. जो केलाय तो तसाच ठेवा, सोलायला जाऊ नका. सेलोटेपही नको, पिवळी पडते आणि डाग कायमचा. गंजलेल्या टाचण्या हळूच काढा, उन्हात वाळवू नका, पत्र्याखालच्या खोलीत तर नकोच, आपल्याकडचा मे महिना माहितीय ना. धुतलेल्या सुती कापडात आडवे बांधून ठेवा, दप्तरखान्यात रुमाल बांधतात तसे. आणि वह्या फाडून उपदेश वेगळा हिशोब वेगळा असलं काही करू नका, ते एकत्र आहेत यातच मजा आहे. मोबाईलने फोटो काढा, फ्लॅश बंद, खिडकीजवळ, पानं क्रमाने.

शहाद्याचा_वकील

रजिस्टरबद्दल बोलतो. अनुसूचित जमातीच्या पडताळणीत ६ सप्टेंबर १९५० च्या आधीची नोंद सोन्यासारखी असते, राष्ट्रपतींचा आदेश त्या तारखेचा आहे, म्हणून लोक येतात, त्यांचं चुकत नाही. पण खाजगी बोर्डिंगच्या वहीपेक्षा शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरला वजन जास्त. ती पोरं शाळेत कुठे जायची ते शोधा, लोकल बोर्डाची शाळा असेल तर ती आता झेडपीकडे असणार. तुमच्या वहीवरून साल आणि गाव कळलं की शाळेतली नोंद सापडायला सोपं जातं, निम्मं काम तिथेच झालं.

झेरॉक्स द्यायची तर ज्याची त्याला, बाकीच्या ओळींवर कोरा कागद ठेवून. कोणाला कधी दिली ते वहीत लिहून सही घ्या. आणि मूळ रजिस्टरवर पेनाची रेघसुद्धा नको, पुसट अक्षर गिरवायचं नाही, पडताळणी समितीचं दक्षता पथक मूळ वही बघायला मागू शकतं आणि खाडाखोड दिसली की एका नोंदीपायी सगळ्या संशयात. काचेच्या कपाटाला माझा विरोध. पदकं आणि पे-बुक मांडा की, रजिस्टर कुलपात. नेटवर तर अजिबात नको.

पांझराकाठ

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात विचारून बघा, १९२७ पासूनची संस्था आहे, जुने कागद सांभाळायची सवय आहे त्यांना. दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागारही खाजगी कागद घेतं, पण मग अक्कलकुव्याच्या माणसाने नोंद बघायला दिल्लीला जायचं का? फौजेतल्या नोकरीचं हवं असेल तर पे-बुकवरचा नंबर घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, रेकॉर्ड ऑफिसला कसं लिहायचं ते सांगतील.

नवापूरची_सून

सगळ्यांचे आभार. पुतण्याला कसर_वाळवी यांची पोस्ट वाचून दाखवली, गप्प झाला. आता झेडपी शाळेत जाऊन बघते. एकच राहिलं, धुळ्याला कागद द्यायचे झाले तर रजिस्टर पुढची अमुक वर्षं कोणाला दाखवू नका अशी अट देताना घालता येते का, आणि ती साध्या कागदावर चालते की स्टँप पेपर लागतो?