मदत हवी आहे : शं. पु. आघारकरांच्या कलकत्त्यातल्या वर्षांबद्दल

नमस्कार मंडळी. कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागासाठी प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्यावर एक भित्तिपत्रक करतेय. जन्म १८८४, मालवण. गोड्या पाण्यातली जेलीफिश त्यांना पश्चिम घाटातल्या नदीत सापडली; तोवर ती आफ्रिकेतलीच समजत. वनस्पतीवाल्या माणसाच्या हाती हे लागावं, याचं मला फार अप्रूप वाटतं! पुढे कलकत्ता विद्यापीठाने जर्मनीला पाठवलं, तर १९१४ चं महायुद्ध पेटलं आणि ते तिथेच नजरकैदेत अडकले. तरी बर्लिनची डॉक्टरेट घेऊनच परतले आणि घोष प्राध्यापक (रासबिहारी घोष यांच्या नावाचं अध्यासन) म्हणून कलकत्त्यात वनस्पतिशास्त्राचा विभाग सांभाळला.

निवृत्तीनंतर पुण्यात येऊन त्यांनी महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची संशोधनसंस्था शून्यातून उभी केली. १९९२ पासून तिला त्यांचंच नाव आहे. पुण्यातल्या कामाबद्दल बरंच मिळालं, पण कलकत्त्याची वर्षं कोरीच राहताहेत. ते वर्गात कसं शिकवत, विभागाचा कारभार कसा हाकत? त्यांच्या विद्यार्थ्यांच्या आठवणी, जुन्या मासिकांतले मृत्युलेख (१९६० चे), पत्रं किंवा फोटो कुणाकडे आहेत का? बंगालीतलं काही असेल तर तेही चालेल, वाचून घेईन. मालवणकडच्या मंडळींनी घराण्याबद्दल सांगितलं तर फारच उपकार होतील.