मदत हवी आहे : माशांच्या शुक्राणूंवर होणारा पीएचचा परिणाम आयनांपासून वेगळा कसा काढायचा?

नमस्कार मंडळी,

कॉमन कार्प या गोड्या पाण्यातल्या माशाच्या शुक्राणूंच्या हालचालीवर प्रकल्प करते आहे आणि एका जागी अडले आहे. मत्स्यशास्त्र किंवा जीवरसायनातलं कुणी असेल तर कृपया मार्ग दाखवा.

शुक्राणू नराच्या शरीरात निपचित असतात. कार्पच्या वीर्यद्रवाची ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांचं एकूण प्रमाण) ३०० मिलीऑस्मोलच्या आसपास असते. शुक्राणू पाण्यात पडताच भोवतालची ऑस्मोलॅलिटी एकदम उतरते आणि शेपट्या चालू होतात. सूक्ष्मदर्शकाखाली थेंब मिसळला की सगळं क्षेत्र उकळल्यासारखं दिसतं. मग जोर ओसरतो, शुक्राणू जागच्या जागी गोल फिरू लागतात आणि मिनिटभरात सगळं थांबतं.

मला पीएच ६ ते ९ अशी द्रावणांची मालिका करायची आहे. पण पीएच वाढवायला पोटॅशियम हायड्रॉक्साइड घातलं की पोटॅशियम वाढतं. फॉस्फेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं मिश्रण) घेतला तर तो कॅल्शियमला धरून बसतो. मग आम्ल बाजूला हालचाल मंदावली तर ती आम्लतेमुळे की पोटॅशियम-कॅल्शियमसारख्या आयनांमुळे, हे कसं ठरवायचं? आणि जेमतेम मिनिटभराच्या खेळात बाहेरचा पीएच पेशीच्या आत पोचतो तरी का?

प्रतिसाद १

प्रश्न अगदी नेमका विचारलात, ताई. आधी द्रावणांचं बघू. पोटॅशियमऐवजी सोडियम हायड्रॉक्साइड वापरा. ट्रिस हा बफर साधारण पीएच ७ ते ९ मध्येच चांगलं काम करतो, ६ च्या आसपास एमईएस हा दुसरा बफर लागेल. दोन्ही बफर सगळ्या द्रावणांत सारख्याच प्रमाणात घाला, म्हणजे बफर बदलल्याचा परिणाम मध्ये येणार नाही. पीएच बसवून झाल्यावर ऑस्मोलॅलिटी मोजा आणि सगळीकडे सारखी करा. शिवाय मिठाच्या द्रावणाला त्याच ऑस्मोलॅलिटीचं आणि त्याच पीएचचं साखरेचं जोडीदार द्रावण ठेवा. दोन्हींत हालचाल सारखी दिसली तर आयनांचा वाटा थोडा, हे समोरच दिसेल.

ट्रिसचा पीएच थंडीत चढतो, दर अंशाला जवळपास ०.०३. म्हणून ज्या तापमानाला प्रयोग, त्याच तापमानाला पीएच बसवा.

आता आतल्या पीएचबद्दल. हायड्रोजन आयन पेशीच्या पटलातून सहज जात नाहीत, पण कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया जातात. म्हणून माझं मत असं की दोन प्रयोग वेगळे करा. एकात शुक्राणू निपचित ठेवणाऱ्या द्रावणाचा पीएच बदला आणि नंतर सगळ्यांना एकाच द्रावणाने चालू करा. दुसऱ्यात फक्त चालू करणाऱ्या द्रावणाचा पीएच बदला. पहिल्या प्रयोगात शुक्राणूंना वेळ मिळतो, त्यामुळे खरा फरक तिथेच दिसायची शक्यता जास्त. साल्मन आणि ट्राऊटमध्ये हे संशोधक मोरिसावा यांच्या १९८० च्या दशकातल्या कामातून पुढे आलं. या माशांच्या वृषणातले शुक्राणू गोड्या पाण्यात टाकले तरी पोहत नाहीत. शुक्रवाहिनीतला चढा पीएच आणि बायकार्बोनेट मिळाल्यावर आतलं सायक्लिक एएमपी (पेशीतला संदेशवाहक रेणू) वाढतं आणि पोहण्याची क्षमता येते.

धागाकर्ती

मनापासून आभार! दोन प्रयोगांचं डोक्यातच नव्हतं. एक शंका राहिली. पोटॅशियम शुक्राणूंना रोखतं असं वाचलं, पण कार्पचं वीर्य साठवायच्या द्रावणात भरपूर पोटॅशियम क्लोराइड असतं. हे कसं?

प्रतिसाद २

कारण माशांगणिक कुलूप वेगळं आहे. ट्राऊटमध्ये ते पोटॅशियमचं. वीर्य पाण्यात विरळ झालं की पोटॅशियम घटतं, पटलाचं विभव (आतबाहेरचा विद्युत फरक) बदलतं आणि शेपटी सुटते. तिथे कॅल्शियम पोटॅशियमच्या विरोधात काम करतं, म्हणून एकट्या पोटॅशियमचा आकडा देऊन भागत नाही, कॅल्शियमही लिहावं लागतं. स्टर्जन माशाच्या शुक्राणूंना तर एक मिलीमोलरपेक्षा कमी पोटॅशियमही थांबवतं. कार्पमध्ये कुलूप ऑस्मोलॅलिटीचं, त्यामुळे साठवणीत पोटॅशियम असलं तरी बिघडत नाही. समुद्री माशांत सगळं उलट, तिथे ऑस्मोलॅलिटी चढल्यावर हालचाल सुरू होते.

साठवलेलं वीर्य नळीत काठोकाठ भरू नका. हवा मिळाली नाही तर कार्बन डायऑक्साइड साचून पीएच उतरतो आणि तुमचा पहिला प्रयोग सुरू व्हायच्या आधीच बिघडतो. आणि वीर्य काढायला नराचं पोट दाबताना पहिला थेंब टाकून द्या. त्यात मूत्र मिसळलं असेल तर शुक्राणू नळीतच चालू होऊन संपतात. प्रत्येक नमुना पाणी न घालता आधी तसाच सूक्ष्मदर्शकाखाली बघा. त्यात हालचाल दिसली तर तो नमुना बाद.