लोकप्रभा बंद झालं, आता बाबांसाठी कोणतं साप्ताहिक लावू?

पेठकर_कोल्हापूर:
मंडळी एक विचारायचं होतं. बाबांना आठवड्याला एखादा अंक हातात लागतोच, लोकप्रभा यायचं ते बंद पडलं आणि तेव्हापासून सकाळी पेपर आणि मग दिवसभर न्यूज चॅनल, रात्री जेवताना विचारलं काय झालं आज, तर म्हणतात नुसती भांडणं झाली. सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या स्टॉलवर विचारलं तर तो स्पर्धा परीक्षांची मासिकंच पुढं करतोय. बातमीच्या मागचं नीट सांगणारं काय मिळतंय? इंग्लिश पण चालेल, सावकाश वाचतात. टीव्हीवर तसा कार्यक्रम असला तरी सांगा.

रंकाळा_काठ:
साधना लावा दादा. १९४८ ला साने गुरुजींनी सुरू केलेलं, दाभोलकर सर १९९८ पासून शेवटपर्यंत संपादक होते. वर्गणी भरली की पोस्टानं घरपोच येतंय, स्टॉलवर शोधत बसू नका. पण लेख लांब असतात हां, चटपटीत काय मिळणार नाही. इंग्लिशमध्ये फ्रंटलाइन बघा, पाक्षिक आहे, एकच विषय घेऊन पानंच्या पानं लिहितात.

जुना_वाचक:
टीव्हीचं मी सांगतो. १९८८ ला दूरदर्शनवर प्रणय रॉयांचं द वर्ल्ड धिस वीक सुरू झालं, शुक्रवारी रात्री, आठवडाभराचं जग अर्ध्या तासात, आमच्या घरी त्या वेळेला कुणी बोलायचं नाही. त्याच साली इंडिया टुडेवाल्यांनी न्यूजट्रॅक काढलं, खाजगी चॅनल नव्हतेच तेव्हा, म्हणून बातम्यांची व्हिडिओ कॅसेट, सेन्सॉरकडून पास होऊन यायची आणि लोक लायब्ररीतून भाड्यानं आणून बघायचे. आता चोवीस तास भरायचे असतात. एका गावात टीम पाठवून आठवडाभर काम करून वीस मिनिटांचा रिपोर्ट करायचा तर खर्च येतो, चार माणसं चौकोनात बसवली की तासभर फुकटात जातोय. त्यामुळं टीव्हीवर आता शोधू नका असंच मी सांगेन, वाईट वाटतंय लिहिताना पण खरं आहे.

पंचगंगा_०९:
वरच्या काकांशी सहमत. २०१९ चा पूर आठवा की. पेपरात रोज पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी, ३९ फूट इशारा, ४३ धोका, आणि चॅनलवर दिवसभर त्याच त्या बोटी. ते पण लागतंयच, नाही म्हणत नाही, घर सोडायचं का नाही ते त्यावरच ठरतं. पण पाणी उतरल्यावर माणसाला कळायला पाहिजे की अलमट्टी धरणाच्या फुगीचं, म्हणजे मागं तुंबणाऱ्या पाण्याचं, नक्की काय, राधानगरी धरणाचे दरवाजे आपोआप कधी उघडतात आणि पूररेषेत बांधकामाला परवानगी कुणी दिली. हे एका दिवसात लिहून होत नाही, त्याला आठवडा घेणारा माणूस लागतो, आणि त्याला पगार द्यायला वर्गणीदार लागतात, म्हणून म्हणतो फुकट पीडीएफ फिरवू नका, अंक विकत घ्या.
आणि पेठकर, वर्गणी भरायच्या आधी बाबांना करवीर नगर वाचन मंदिरात घेऊन जावा, १८५० पासूनचं वाचनालय आहे आपलं, तिथं कोणकोणती साप्ताहिकं येतात विचारा, दोन-चार अंक चाळू दे त्यांना.

पेठकर_कोल्हापूर:
लई उपयोग झाला सगळ्यांचा. वाचन मंदिरात रविवारी नेतो. साधनाची वर्गणी ऑनलाइन भरता येते का?

रंकाळा_काठ:
येते की, त्यांच्या वेबसाइटवर. पत्ता पिनकोडसकट नीट टाका फक्त.