टिश्यू एम्बेडिंगला मेण कुठलं: ५४–५६ की ५८–६०?

तीनमायक्रॉन:
आमच्या लॅबमध्ये टिश्यूचे (शरीरातल्या ऊतींचे) तुकडे मेणात बसवायला ५४–५६ अंश सेल्सिअसला वितळणारं पॅराफिन मेण बंद करून ५८–६०चं घ्यायचं चाललंय. माझा पाठिंबा आहे. वितळणबिंदू जास्त म्हणजे ब्लॉक (टिश्यू बसवलेली मेणाची वडी) कडक, आणि कडक ब्लॉकशिवाय ३ मायक्रॉनचा सेक्शन (सूक्ष्मदर्शकासाठीचा पातळ काप) सरळ येत नाही. उकाड्यात मऊ मेणाची रिबन (एकामागोमाग चिकटून येणाऱ्या सेक्शनची पट्टी) ब्लेडवरच चुरगळते. बर्फावर ठेवा, चार सेक्शन कापा, परत बर्फावर. दिवस असाच जातो.

मेणबत्ती:
आणि टिश्यूचं काय? मेणाचा बाथ (टिश्यूत मेण मुरवायचं वितळलेल्या मेणाचं भांडं) वितळणबिंदूच्या २–३ अंश वर ठेवावा लागतो, म्हणजे तुमचं मेण ६२–६३ला. तिथे बायोप्सीचे बारीक तुकडे तासन्‌तास राहिले की आक्रसतात, ठिसूळ होतात. मग कापताना बारीक आडव्या भेगा. इम्युनोत (अँटिबॉडी वापरून करायच्या चाचणीत) शोधायच्या काही अँटिजेन्सनाही जादा उष्णता सोसत नाही.

तीनमायक्रॉन:
डिकॅल्सिफाय केलेलं (कॅल्शियम काढलेलं) हाड मऊ मेणात कापून दाखवा, मग बोलू. ब्लेड हाडावर अडखळतं आणि तुकडा मेणातून सुटून पडतो.

मेणबत्ती:
हाडाचं मान्य. पण हाडासाठी सगळ्यांनाच भाजायचं? रोज हाडं येतात किती?

जुनी_ब्लेड:
दोघंही डब्यावरचा आकडा वाचून भांडताय. कापलेला ब्लॉक नाकाशी धरा. झायलीनचा (मेणाआधी टिश्यू ज्यात ठेवतो त्या द्रावकाचा) वास आला तर ६०चं मेणही मऊच लागणार, कारण मेणात झायलीन मुरलं की त्याचा कडकपणा जातो. बाथ वेळेवर बदलता का? शिवाय हल्लीच्या बऱ्याच मेणांत पॉलिमर असतो, त्यामुळे ५६चं मेणही छान कापलं जातं. अजून एक: ब्लॉक टेबलावर सावकाश गार झाला की स्फटिक मोठे होतात. कोल्ड प्लेटवर पटकन गोठवला की बारीक राहतात, आणि बारीक स्फटिकांचं मेण टिश्यूला घट्ट धरतं. आमच्या वेळी एकाने महिनाभर ब्लेडला शिव्या घातल्या होत्या, दोष होता शेवटच्या बाथचा.

तीनमायक्रॉन:
शेवटचा बाथ हुंगून आलो. येतोय वास. बदलतो. पण बदलायचाच आहे तर नवं मेण ५८–६०चंच भरणार.

मेणबत्ती:
भरा. वॉटर बाथही (सेक्शन पसरवायचं कोमट पाण्याचं भांडं) चढवा तेवढा. जुन्या मेणासाठी लावलेल्या तापमानात कडक मेणाच्या चुण्या उघडत नाहीत, आणि मग तुम्ही इथे नवा धागा काढाल.