कुकरचं झाकण उडून सासूबाईंचा हात भाजला, कंपनी म्हणते कुकर परत पाठवा

घरकुलची सून:
नमस्कार. आम्ही सोलापूरच्या विडी घरकुलला राहतो. सासूबाई आणि मी कडक भाकरी करून विकतो. मागच्या महिन्यात घरच्या जेवणाची डाळ लावली होती. शिट्टी न होताच झाकण उडालं. सासूबाईंचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला, अजून भाकरी थापता येत नाही. कुकर नवी पेठेत २,१०० रुपयांना घेतलेला, चौदा महिने झाले. दुकानदार म्हणतो, मी काय बनवला नाही. कंपनीचा माणूस म्हणतो, कुकर पाठवा, तपासून नवा देतो. पण दिवाळीत मी बाजारातली साधी रिंग बसवली होती. आमचीच चूक धरतील का?

जुळे सोलापूरचा काका:
सूनबाई, आधी एकच सांगतो, कुकर कुणाच्याही हातात देऊ नका. २०२१ मध्ये आमच्या गिझरची टाकी फुटली. कंपनीचा माणूस घरी आला, गोड बोलला, तपासणीला म्हणून गिझर घेऊन गेला. महिन्याने कागद आला, 'चुकीचा वापर'. गिझर परत आलाच नाही. ग्राहक आयोगासमोर दाखवायला माझ्याकडे फक्त भिंतीवरचा डाग राहिला. आजही जीव तुटतो.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'उत्पादन दायित्व' आलंय, २० जुलै २०२० पासून लागू. कलम ८४ प्रमाणे माल सदोष निघाला की बनवणारा जबाबदार. 'आम्ही निष्काळजी नव्हतो' एवढं सिद्ध करून तो सुटत नाही. दोष मात्र आपण दाखवायचा, म्हणून कुकर जपायचा. आयोग तो सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. तो अहवाल कंपनीच्या माणसाचा नसतो.

रिंगेचं लपवू नका, तक्रारीतच लिहा. जुनी रिंग असेल तर तीही ठेवा.

कोर्टाजवळचा:
काकांचं खरं, फक्त दुकानदाराबद्दल सांगतो. वस्तूत बदल केलेला असेल तर कलम ८७ त्याला वाचवतं, रिंगेवरून तो तेच म्हणणार. तरी नोटीस त्यालाही द्या.
नव्या कुकरच्या बदल्यात 'तक्रार नाही' असं लिहून देऊ नका. भाकरीचा बुडालेला धंदा उत्पादन दायित्वात मिळत नाही, भर हातावर, दवाखान्यावर, मनस्तापावर द्या. मुदत दोन वर्षं. फी आणि आयोगाची पातळी वस्तूच्या किमतीवर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. त्यामुळे सोलापूरच्या जिल्हा आयोगात तुम्हाला फी शून्य.

माधुरी:
कुकरवर आयएसआयची खूण आहे का बघा. १ फेब्रुवारी २०२१ पासून ती सक्तीची आहे. नसेल तर आधी फोटो काढा.

घरकुलची सून:
काका, कुकर पोत्यात बांधून माळ्यावर ठेवलाय, झाकण वेगळं. बिल देवघराच्या खणात सापडलं. जुनी रिंग सासूबाईंनी बरणीच्या झाकणाला लावली होती, ती काढून घेतली. खूण आहे, पण अर्धी पुसलेली. कंपनीच्या माणसाचा आज पुन्हा फोन आला होता. मी सांगितलं, बघायचा असेल तर घरी या, न्यायचा नाही.